शुक्रवारचे फोटो

होबार्टला फिल्म धुणाऱ्या स्टाव्रोसच्या दुकानात माझ्यापुढे नेरिडाबाई उभ्या होत्या, नवऱ्याचा, कीथचा, कॅमेरा घेऊन.

“छत्तीस फोटो होऊन गेले तरी मेला रोल संपत नाही. बघ रे राजा.”

“बाई, वरची कळ ओढली की ही बाजूची चकती फिरायला हवी. फिरत नाहीये.”

“म्हणजे?”

“रोल घालताना टोक अडकलंच नाही. फिल्म जागची हललेली नाही. आत सगळं कोरं आहे.”

“कोरं कसं? धक्क्यावर आम्हाला कुत्र्यासकट तासभर वाऱ्यात उभं केलं होतं कीथने!”

“डिजिटल असता तर तिथंच कळलं असतं.”

“त्याला नको ते. लगेच दिसला तर फोटो कसला, म्हणतो.”

“मग सांगा त्यांना. होतं असं कुणाचंही.”

“गाडीत बसलाय तो. हल्ली माझं नाव विसरतो, पण यातला एकेक फोटो बरोबर सांगतो.”

“...नवा रोल घालून देऊ?”

“घाल. नीट अडकव. फोटो पुढच्या शुक्रवारी मिळतील म्हणून सांगते.”

“आणि पुढच्या शुक्रवारी?”

“तेव्हाही हेच सांगेन. फोटो यायचेत म्हटलं की खुशीत असतो रे तो.”