मंगळावरच्या गोष्टीचा शेवट

बायकोची, शहनाजची वही आपल्याच हातानं फाडून आपण शेंगदाण्याच्या पुड्या बांधल्या, हे म्हाताऱ्या अलाउद्दीनला कळलं, त्याच दुपारी तो पुण्याच्या सिनेमावाल्याला पौडच्या एसटी थांब्यावर सोडायला आला. रांगेत मागं उभा असलेला गावातलाच जोतिबा ऐकत होता.

“चाचा, तुमची मंगळाची गोष्ट जशीच्या तशी पडद्यावर आणणार मी.”

“मग त्या बाईचं नाचगाणं काढा. माझ्या गोष्टीत ती मंगळावर पाण्यासाठी हिरी खणती.”

“काढलं. पण शेवट? मंगळावर गेलेला तो माणूस परत येतो का?”

“ठाव न्हाई.”

“गोष्ट तुमचीच ना?”

“मी सांगायचो, बायको लिवायची. शेवटाला मला ताप आला, तवा तिनंच मनानं लिवला. आधीचं छापून झालं, मग छापखाना बंद पडला, शेवटाची वही घरीच ऱ्हायली.”

“वाचली नाहीत?”

“मला कुटं वाचता येतंय? म्हणून तर पोरांची जुनी वही समजून फाडली. ती रोज म्हणायची, बसा, वाचून दाखवते. मी म्हणायचो, दुकानात गिऱ्हाईक हाय, उद्या बसू.”

“मग त्यांनाच विचारू.”

“गेल्या साली गेली ती.”

“चाचा, मग शेवट मी लिहू? माणूस घरी परत येतो. लोकांना आवडेल.”

“नगं. तिचा हाय तो.”

“अहो, पण सिनेमाला शेवट लागतो!”

“लागत असंल. माझा ऐकायचा ऱ्हायलाय.”