'खार' या खेळाचे सीलबंद पाकीट फाडल्याबाबत

मी, वय ७८, धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती (आता बंद केला आहे, पण शेजारी ऐकत नाहीत), राहणार बाजारामागची गल्ली, पहिला मजला, मुलीसोबत. गल्लीत मला रेडिओकाका म्हणतात. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

पाकीट मीच फाडले. हे सगळ्यात आधी लिहून घ्यावे, म्हणजे पुढचे निवांत सांगता येईल.

आज सकाळी वाचनालयाच्या सभागृहात जुन्या घरगुती कॉम्प्युटरवरच्या खेळांचे प्रदर्शन होते. टीव्हीला जोडायचे कॉम्प्युटर, टेपरेकॉर्डर, जॉयस्टिक, सगळे चालू स्थितीत मांडलेले होते. त्या काळी खेळ कॅसेटवर मिळायचा. कॅसेट लावली की टेपरेकॉर्डर किरकिरत राहायचा आणि खेळ पडद्यावर येईपर्यंत घरातल्यांनी गप्प बसायचे. का, ते कुणालाच ठाऊक नव्हते, पण बसायचे.

काचेच्या कपाटात मधोमध एक पाकीट ठेवले होते. कव्हरवर शाईने काढलेली खार, शेपटीचे टोक कापले गेलेले. मी लगेच ओळखले. ओळखणारच, कव्हरे कापणारा मीच. खाली कार्ड होते : "खार. अतिशय दुर्मीळ. कारखान्याचे मूळ सील शाबूत. निर्माता अज्ञात, परंतु कामाची सफाई पाहता अनुभवी इंजिनिअर असावा."

वाचून माझी छाती फुगली आणि डोकेही फिरले. तो खेळ माझ्या मुलीने केला. तेव्हा ती शाळेत होती. सतत काहीतरी कुरतडत बसायची म्हणून घरात तिला खारू म्हणतात. दुकानात दुरुस्त झालेल्या टीव्हीवर ती काम करायची. गिऱ्हाईक टीव्ही न्यायला आले की म्हणायची, "पाच मिनिटं थांबा ना, खार अजून गच्चीवर पोचायचीय." लोक थांबायचे. काहीजण तासभर थांबायचे.

कारखाना म्हणजे आमचे स्वयंपाकघर. मी दोन टेपरेकॉर्डर जोडून कॅसेटी भरायचो आणि माझी पत्नी वर्तमानपत्राचा कागद ठेवून प्लास्टिकवर इस्त्री दाबायची. कव्हरे छापून आल्यावर कळले की खारूचे नावच घातलेले नाही. घरात आम्ही तिघे, एकाच्याही डोक्यात आले नव्हते. पत्नी म्हणाली, पुन्हा छापू. खारू म्हणाली, "राहू दे गं आई, मी टेपवर बोलूनच सांगते." घरात आता एकही प्रत उरलेली नाही. शेवटची होती तिच्यावर माझ्या मेहुण्याने गाणी भरली. मी वर्षभर त्याच्याशी बोललो नव्हतो.

पाकिटाचे मालक, म्हणजे तक्रारदार, हे जुने खेळ जमवतात आणि त्यांची किंमत ठरवून देतात. माणूस सज्जन आहे. मी त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "काका, रोज कुणीतरी येऊन असंच सांगतं. पुरावा आहे का?"

मी म्हणालो, "आहे. आत आहे."

"आत? म्हणजे सील फोडायचं? अहो, सगळी किंमत सीलची आहे! आत कॅसेट नसली तरी चालेल, सील पाहिजे."

"मग रिकामी पाकिटंच जमवा की!" मी म्हणालो.

ते हसले. कपाट उघडून त्यांनी पाकीट माझ्या हातात दिले. "बघा, किती एकसारखं दाबलंय. मशीनशिवाय होणं शक्य नाही."

मी ती दाबणी अंगठ्याने चाचपली. एका कोपऱ्यात प्लास्टिक जरा जास्त वितळलेले आहे. माझी पत्नी इस्त्री टेकवून बोलत राहायची, त्यामुळे तसे व्हायचे. तिला जाऊन बरीच वर्षे झाली. मग मी पाकीट फाडले. तो कोपरा सोडून, दुसऱ्या बाजूने.

तक्रारदार "अहो काय करताय, अहो काय करताय" म्हणत राहिले, तोवर मी कॅसेट लावली. आवाज दबका येत होता, म्हणून खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने टेपरेकॉर्डरचे हेड जरा फिरवले. मग सभागृहात माझ्या मुलीचा तेव्हाचा आवाज आला : "नमस्कार. हा खेळ मी केलाय. मी खारू. अडकलात तर बाबांना विचारू नका, त्यांनाही जमत नाही." सगळे हसले. मला खरेच जमत नाही.

खेळ पडद्यावर आला. एवढ्या वर्षांनी पहिल्या झटक्यात आला, हेही लिहावे. तक्रारदार खेळायला बसले. त्यांची खार पाण्याच्या टाकीत पडली. परत बसले, परत पडली. "काय अफाट डोकं आहे हो पोरीचं," असे ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी पोलिसांना फोन केला. त्यांचे नुकसान झाले आहे, त्यांची तक्रार खोटी नाही.

मुलगी पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला आहे. निरोप मिळताच ती तशीच धावत आली. फाटलेले प्लास्टिक बघून म्हणाली, "बाबा, आईचं सील फाडलंत?"

मी म्हणालो, "तुझं नाव आत होतं."

कॅसेट मागे फिरवून स्वतःचा तेव्हाचा आवाज तिने ऐकला आणि मग तोंड धुऊन येते म्हणाली.

झाल्या गोष्टीचा पस्तावा आहे का, असे विचारता, नाही.

जबाब हवालदारसाहेबांनी मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, एक जागा सोडून. त्यांनी लिहिले होते, "तो खेळ माझ्या मुलीने केला, असे माझे म्हणणे आहे." शेवटचे चार शब्द मी खोडायला लावले. ते खोडल्यावर सही केली.