कोरड्या होडीतले बावीस

नाही नाही, तिथून धरू नका – ती सीट आहे, घसरते, बोटं चेपतील तुमची. पुढून धरायचं, पंख्याच्या खालून, पण दोघांनी. एकट्याने नाही. तुमचा तो जोडीदार गाडी लावून येऊ दे. आणि या गल्लीत त्याला जागा मिळायची नाही इतक्यात, तेव्हा बसा. त्या स्टुलावर बसा. लिफ्ट बंद आहे हे मी तुमच्या हॉस्पिटलला फोनवर सांगितलं होतं, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, सांगत नाहीतच. – काय? नवीकोरी दिसते? दिसणारच. रोज पुसायचो. घामाने साखळी गंजते. – का देतोय म्हणजे, फॉर्मवर लिहिलंय की. पाठ. पाठ दुखते. तुमच्या त्या व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमना उपयोग होईल, पेशंट बसतील, बरं होईल. – पाठ ठीकच आहे हो माझी. किळस आली. आता फॉर्मवर ‘किळस’ लिहायला रकाना नव्हता, म्हणून पाठ लिहिली.

तुम्हाला माहितीये का हे काय आहे? वल्हवायची मशीन. पाणी नाही, होडी नाही, काही नाही – सीटवर बसायचं, पाय बांधायचे, दांडा पोटापर्यंत ओढायचा, पंखा गरगरतो आणि पडद्यावर आकडा येतो, इतके मीटर झाले. जागचे हलत नाही आपण. भिंतीकडे तोंड करून मी हजार किलोमीटरच्या वर गेलोय, सांगा! आणि एकटा नाही. बावीस जण होतो. टीम होती आमची, इंटरनेटवरची – ‘कोरडी होडी’ नाव. सकाळी साडेपाचला सगळे आपापल्या घरात मशीनवर, समोर फोन, फोनच्या पडद्यावर बावीस खिडक्या, बावीस घामेजलेली तोंडं. झालं की पडद्याचा फोटो काढायचा, गटात टाकायचा, कप्तान बेरजेत धरणार. कप्तान म्हणजे एका विमा कंपनीत साहेब होता, फार गोड बोलायचा – गोड बोलणाऱ्या माणसाचं मला तेव्हाच कळायला हवं होतं. कुणाचे एक लाख मीटर झाले की टाळ्या. पाच लाख झाले की त्याच्या फोटोला मुकुट चिकटवायचा. पन्नाशी उलटलेली माणसं हो सगळी, आणि मुकुट!

हसू नका. तेव्हा मला बरं वाटायचं. बायको मुलीकडे गेली, बाळंतपणाला म्हणून गेली, नात चालायला लागली तरी आली नाही. भांडण नाही, काही नाही – ‘इथेच बरं वाटतंय हो’ म्हणाली. मी दिवसभर दात करतो. दात, हो – कवळ्या. डेंटिस्ट तोंडाचा साचा पाठवतो, मी मागच्या खोलीत बसून दात लावतो. तीस वर्षं. माणूस दिसतच नाही मला, नुसत्या हिरड्या येतात डब्यातून. तर सकाळी साडेपाचला एकवीस माणसं ‘काय दातवाले, झोप झाली का’ म्हणायची, हे मला – असो.

त्यातला एक ड्रायव्हर. शहरातली बस चालवायचा, निवृत्त झालेला. मोठा आवाज, मोठं पोट, आणि वल्हवता वल्हवता मध्येच ओरडायचा – ‘दोन हजाराचा थांबाऽऽ! उतरणारे पुढे या!’ अख्खी टीम हसायची. दम तुटत असताना हसवायचा, हलकट. बायको नाही येणार हे ज्या दिवशी कळलं ना, त्या दिवशी मी वल्हवत होतो आणि हात थांबले. नुसता बसून राहिलो. बाकी वीस जणांना दिसलंही नाही. त्याने मला वेगळा फोन लावला – ‘दातवाले, गाडी बंद पडली काय? धक्का मारू?’ आणि मग रोज तासभर आधी, आम्ही दोघंच. काही बोलायचा नाही त्याबद्दल. नुसतं बरोबर ओढायचा. दोन वर्षं. दोन वर्षं म्हणजे किती झाली बघा.

मग? मग काय, दहा लाख. टीममधला पहिला दहा लाखवाला कोण, यावर कप्तानाने पैज नाही पण गंमत लावली – त्याचा फोटो टीमच्या पानावर कायमचा राहणार. ड्रायव्हर आठ लाख नव्वदवर, मी आठ लाख ऐंशीवर. आणि त्याच सुमारास तो आठवडाभर गायब, परत आला तर कॅमेरा बंद. म्हणे बिघडलाय. आवाजही बंद. पहाटेचे फोन बंद – मी केला तर उचलायचा नाही, लिहून पाठवायचा, ‘घसा बसलाय’. पण फोटो मात्र रोज! रोज तीन हजार, कधी चार, आणि वेळ पहिल्यापेक्षा चांगली. मी म्हटलं, घसा बसला की माणूस जोरात वल्हवतो का? तीन आठवडे बघितलं. चौथ्या आठवड्यात त्याचा फोटो मोठा करून बघितला. – सहज. – सहज कसलं, भिंग घेऊन बघितला. दाताची छटा शेजारच्या दाताशी जुळवायची म्हणजे डोळा लागतो, तो आहे मला, त्याचंच खातो मी. पडद्याच्या काळ्या काचेत, कोपऱ्यात, फोटो काढणाऱ्याचं तोंड उमटलेलं. बाईचं. वेणी पुढे आलेली, कपाळाला केस चिकटलेले, घामाने. दुसरंच कोणी ओढत होतं त्याच्या नावावर!

कप्तानाने तो फोटो गटात टाकला. तोंडाभोवती लाल गोल काढून. आणि मग जे काय सुरू झालं! एक नर्सबाई होत्या आमच्यात, आयुष्यभर लोकांची घाण काढलेली बाई, तिने लिहिलं – ‘शी.’ एवढंच. एकाने लिहिलं, बायकांच्या जिवावर मुकुट घालणारे मर्द. एकाने बसचं चित्र टाकलं, फुकट्या प्रवासी. पाऊण तासात ड्रायव्हर गटाबाहेर. त्याचे नऊ लाख एकाहत्तर हजार मीटर रद्द – सगळे, पहिल्या दिवसापासूनचे! मी काय केलं? मी अंगठा उठवला. त्या फुकट्या प्रवाशाच्या खाली.

– फोटो कप्तानाकडे कुठून आला म्हणजे? दिला कोणीतरी. – मी दिला. मग कोण देणार? पण मी एकट्याला दिला होता, खाजगीत, ‘टीमच्या भल्यासाठी कळवतोय’ असं लिहून. गटात टाक म्हटलं नव्हतं मी. – लाल गोल... लाल गोल मी काढला होता. आता नीट दिसावं म्हणून काढला! माणूस काही दाखवतो तेव्हा नीट दाखवतो की नाही? ड्रायव्हरला आधी का नाही विचारलं, असं तोंड करू नका. दोन वर्षं पहाटे बरोबर वल्हवलेल्या माणसाला विचारायला एक फोन पुरला असता, मला कळतं ते. तीस हजार मीटर पुढे होता तो माझ्या. बस. आता झालं समाधान?

पाणी घ्या, तिथेच आहे.

चार दिवसांनी त्याच्या मुलीचा निरोप आला कप्तानाला. बाबांना अर्धांगाचा झटका आलाय, दीड महिना होत आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आता थोडी थोडी येतेय. दवाखान्यातून घरी आणल्यावर मशीनकडे बोट दाखवायचे. म्हणून मी कामाला जायच्या आधी ओढायची, ते शेजारी खुर्चीत बसून डाव्या हाताने मांडीवर ताल धरायचे. टीमला सांगू नकोस म्हणत होते, सांगितलं तर नाव काढून टाकतील. माझं चुकलं, माफ करा. – ती माफी मागत होती! शिवणाच्या कारखान्यात आठ तास उभी राहणारी बाई, त्याआधी बापाच्या नावाने चार हजार मीटर ओढते, आणि माफी आमची मागते.

मग एक दिवस सगळ्यांना फार वाईट वाटलं. फुलं काय, जोडलेले हात काय, नर्सबाईंनी रडकं तोंड टाकलं. एकच दिवस हं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला सगळे मशीनवर. आणि महिनाअखेरीला काय झालं ऐका – टीमचे सगळे मिळून एक कोटी मीटर व्हायचे होते, दुसऱ्या कुठल्याशा टीमच्या आधी. साडेनऊ लाख कमी पडत होते. कप्तानाने काय करावं? ड्रायव्हरचे रद्द केलेले परत घातले! वर लिहिलं, ‘आपला लाडका ड्रायव्हर आजही आपल्यात आहे.’ अहो, जिवंत आहे तो! जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहून त्याचे मीटर खाल्ले. आणि त्याला परत गटात घेतलं का? नाही. आकडा घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एक कोटी, एक कोटी! त्याच आठवड्यात माझे दहा लाख झाले. पहिला मी. वीस खिडक्यांमधून टाळ्या, मुकुट, कप्तान म्हणतो, ‘दातवाले, दोन शब्द बोला.’ मी पायाचे पट्टे सोडले आणि मोरीत जाऊन ओकलो. त्यांना वाटलं जोर जास्त लावला. वाहवा केली त्याचीसुद्धा. त्याच दिवशी गट सोडला मी.

गेलो त्याच्याकडे, हो. पत्ता मुलीकडून घेतला. लॉंड्रीच्या मागे तळमजल्याला दोन खोल्या, वाफेचा वास. खुर्चीत बसलेला, अर्धा उतरलेला. मला बघून इतका खूश झाला – ‘दा... दातवा...’ आणि रडायला लागला, आणि हसायला. मी बघतोय काय तर कवळी. तोंड एका बाजूला पडलं म्हणून वरची कवळी सुटलेली, बोलताना खाली यायची, शब्द तिथेच फुटायचा. दुसरं मला काय येतं? साचा घेतला, तिथेच, त्या खुर्चीत. आठ दिवसांत नवी केली. आयुष्यात इतकी जीव लावून कवळी केली नाही मी. बसवली. आरशात बघितलं त्याने, आणि वळून माझ्याकडे बघून हसला. मी केलेल्या दातांनी. माझ्याकडे. ‘बाकी सगळे... नालायक,’ म्हणाला, ‘कप्तानाने घात केला. तू... तू एक आलास.’

मी म्हणजे सांगणारच होतो. तोंड उघडलं होतं. मुलगी म्हणाली, काका, जरा आत या, हात धुवायला साबण देते. आत मोरीपाशी नळ सोडला तिने, आवाज व्हावा म्हणून, आणि म्हणाली, ‘गोल तुम्ही काढला होता. कप्तानांनी मला मूळ निरोपच पाठवला, तुमच्या नावासकट.’  हाताला साबण तसाच. म्हणाली, ‘बाबांना सांगू नका. तुम्हाला हलकं वाटेल, पण त्यांच्याकडे दुसरं कोणी येत नाही. तुम्ही यायचं. शिक्षा म्हणा हवं तर.’ आणि टॉवेल दिला. धुतलेला, घडी केलेला टॉवेल.

त्याचंच पुढे हे झालं – फोनवर मोजणं. जीभ वळायला मोठ्याने मोजायला सांगितलंय त्याला. तर तो म्हणाला, मी मोजतो, तू ओढ. रोज संध्याकाळी सहाला. तो तिकडून एक, दोन, तीन, मी इकडून ओढतोय. आधी वीसपर्यंत जायचा, आता दोनशेपर्यंत जातो, स्पष्ट. आणि शेवटी रोज म्हणतो, ‘शाब्बास, दातवाले. तुझ्यासारखा तूच.’ चाळीस दिवस ऐकलं मी ते! त्या सीटवर बसलं की घशाशी येतं माझ्या. म्हणून तुम्हाला बोलावलं. आज त्याला सांगणार, पाठ गेली, मशीन दिली, आता जमायचं नाही. संपलं.

– हा आला का तुमचा माणूस? या. पुढून धरा, हां, सीट बांधून घ्या आधी. जिन्यात वळताना – थांबा, फोन. सहा वाजले? त्याचाच. वाजू दे. नाही, उचलतो, आत्ताच सांगतो म्हणजे – हॅलो. हां, बोला ड्रायव्हर. काय? स्वतः लावला? मुलगी घरी नाही, तुम्ही स्वतः नंबर दाबला? उजव्या हाताने? – उजव्या हाताने! – नाही, काही नाही, आवाज कसला, शेजारी सामान हलवतायत. मी? मी... बसलोय की. मशीनवरच. हो, पट्टे बांधले. – अहो, तुम्ही का थांबलात, न्या ना, न्या ती, हळू, टेकवू नका कुठे – तुम्हाला नाही हो ड्रायव्हर, शेजाऱ्यांना. हं. तयार. मोजा. – एक... हं... दोन... हुंऽ... तीन... चार... – नाही, दमलो नाही, मोजा तुम्ही, मोजा – हुंऽ... सहा... – दार ओढून घ्या जाताना.