चेनसॉ सुरू झाली त्यानंतर

पोस्टातल्या पार्सलच्या रांगेत नणंद-भावजय उभ्या होत्या; भावजयीच्या हातात एक छोटं खोकं होतं. खिडकीतली कारकूनबाई वजनकाटा पुसत, न ऐकल्याचा आव आणून सगळं ऐकत होती.

"वहिनी, दादाची ती जुनी चेनसॉ सुरू झाली म्हणे?"

"हो गं. रविवारी सकाळी."

"अरे देवा! अशी अचानक?"

"नेहमीसारखी दोरी ओढली, आणि धडधडायलाच लागली. काही सुचेचना कुणाला."

"दादा कसा आहे?"

"नुसते बसून असतात. धड जेवत नाहीत."

"अकरा वर्षं सुटे भाग शोधत हिंडला बिचारा. कंपनी बंद पडली, पण हा थांबला नाही."

"भंगारवाल्यांना आता कोणत्या तोंडाने फोन करू, म्हणतात."

"मग लाकडं कापावीत की!"

"तिसऱ्या मजल्यावर कसली लाकडं? काल माझ्या मिक्सरकडे टक लावून बघत होते."

"अगंबाई!"

"म्हणून ते आंघोळीला गेल्यावर मी कार्बोरेटरच काढून घेतला."

"तुला जमलं?"

"अकरा वर्षं बॅटरी धरून कोण उभं होतं?"

"त्याला कळलं?"

"भाग गेल्याचं कळलं ना. चोर-चोर म्हणून घर डोक्यावर घेतलं, मग पोटभर जेवले आणि भंगारवाल्याला फोन लावला."

"पण वहिनी, तो भाग आता कुठेच मिळत नाही. नाहीच मिळाला तर?"

"मिळेल गं."

त्यांचा नंबर आला. कारकूनबाईने खोकं काट्यावर ठेवलं.

"पत्ता सांगा."

"आमच्याच घरचा. फक्त सगळ्यात सावकाश पोचेल असं पाठवा."