पंधरा प्रश्न

रागाच्या चाचणीतल्या एकोणसाठ प्रश्नांचे पंधरा करायला संशोधक बाईंना तीन वर्षं लागली होती. आज दवाखान्याच्या बाकावर बसून त्या हातातल्या घड्याळात पाहत होत्या, नवा फॉर्म भरायला माणसाला किती वेळ लागतो ते. मागच्या बाकावर एक बसचालक आणि त्याची थोरली बहीण बसले होते.

“झालं, ताई.”

“इतक्यात? मागच्या वेळी तासभर घाम गाळला होतास.”

“या वेळी पंधराच आहेत.”

“काय लिहिलंस?”

“सगळीकडे ‘कधीच नाही’. राग अनावर होत नाही, हात उचलत नाही, वस्तू फेकत नाही.”

“अगदी गरीब गाय. मग मागच्या वेळीच का नाही असं लिहिलंस?”

“लिहिलं होतं की. चाळिसाव्या प्रश्नापर्यंत रेटलं. पुढे खोटं बोलून बोलून इतका दमलो, की उरलेलं सगळं खरंच लिहून टाकलं. म्हणून तर बस काढून घेतली.”

“आणि आता सोमवारी परत मिळेल.”

“मिळेल.”

“परवा त्या मोटारवाल्याच्या काचेवर पाना मारलास, त्याचं काय?”

“तेव्हा मी बसवर नव्हतो.”

“तेच म्हणतेय मी. तेव्हा तुझ्या मागे चाळीस माणसं बसलेली नव्हती.”

चालक उठून फॉर्म जमा करायच्या खिडकीशी गेला.

“मॅडम, जुना लांबडा फॉर्म आहे का एखादा?”

“तो बंद झाला,” खिडकीतली कारकून म्हणाली.

संशोधक बाईंनी घड्याळ बाजूला ठेवलं. पिशवीतून जुना फॉर्म काढून त्यांनी त्याच्यापुढे धरला.

“घ्या. सावकाश भरा.”

त्याने पानं उलटून पाहिली.

“बाई, पहिले चाळीस सोडून दिले तर चालेल?”