देवीला समजावणारे बाबा

कौल लावायला आलेल्या माणसाचं तोंड बघा कधी. उत्तर त्याने घरूनच ठरवून आणलेलं असतं. आमचे बाबा तसेच.

बारावीनंतर मला आयटीआयला जाऊन डिझेल मेकॅनिक व्हायचं होतं, होड्यांची इंजिनं खोलायची होती. बाबांना मी कॉलेजात हवा होतो. वाद मिटेना, म्हणून दोघं गावच्या देवळात गेलो. गुरवकाकांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर कॉलेज, डावं पडलं तर आयटीआय. मग गाऱ्हाणं घातलं.

डावं पडलं.

बाबा म्हणाले, "वाऱ्यान पडला. परत लावा."

परत डावंच. "फूल सुका होता, काका. ताजा लावा."

ताजंही डावंच पडलं. तेव्हा बाबा पुढे सरकून थेट देवीलाच सांगायला लागले, "आये, झील हुशार आसा गो, मार्क बरे आसत..."

गुरवकाका भडकले. "रे, तू देवीक इचारूक इलस की समजावूक?"

मी आयटीआयला गेलो. आज तोंडवलीला माझं वर्कशॉप आहे. बाबा नाहीत.

यंदा लेक म्हणाली, मला कॉलेजला जायचंय. माझ्या मनात होतं, तिने आयटीआय करून वर्कशॉप बघावं. गेलो देवळात. गुरवकाका आता खूप म्हातारे झालेत. त्यांनी फुलं लावली. कॉलेजचं पडलं.

मी घसा खाकरला. "काका, पंखो बंद करून परत एकदा..."

काका हसून म्हणाले, "बस, बस. तुझो बापूसय हयसरच बसललो."