पथ्याचे पाहुणे

दवाखान्याच्या बाकावर शिंपीकाका दुखरा खांदा धरून बसले होते. शेजारी दोघी बहिणी होत्या. काकांनी वर्तमानपत्र उघडलं, पण कान मात्र शेजारीच राहिले.

“काल तुझे दीर-जाऊ जेवायला आले होते ना, ताई?”

“आले की. आधी फोनवर बजावलं होतं. भावजींना तेल चालत नाही, जावेला तिखट आणि लेकीला कांदा-लसूण.”

“मग केलंस काय?”

“सगळं उकडलं. भोपळा, बटाटे, कोबी. घरात स्वयंपाकाचा वाससुद्धा नाही.”

“जेवले?”

“भावजी ताटाकडे बघून म्हणाले, ‘वहिनी, घरात कुणी आजारी आहे का?’”

“अगं बाई!”

“मग जावेनं हॉटेलातून तळलेली कोंबडी मागवली. तिघांनी चाटूनपुसून खाल्ली. वर मलाच विचारते, हिरवी मिरची आहे का!”

“आणि तुम्ही दोघं?”

“आम्ही उकडलेलं. आज सकाळीही तेच.”

“काही बोलली नाहीस?”

“घरी आलेल्यांना काय बोलायचं? जाताना त्यांनी आम्हाला रविवारी जेवायला बोलावलंय.”

“मुळीच जाऊ नकोस!”

“जाणार तर! उगाच नाती कशाला तोडायची? फक्त मला काय काय चालत नाही, ते आधी डॉक्टरांकडून वदवून घेते.”

“तुला काय धाड भरलीय? दगडही पचवशील तू!”

“हळू बोल, आत ऐकू जाईल.”

तेवढ्यात दारातून नर्सनं हाक मारली. इतका वेळ ताठ बसलेली ताई बहिणीच्या खांद्याचा आधार घेत, पोट धरून, कण्हत कण्हत उठली.